सेव्ह करताच फाइल सर्व्हरवर जावी, पण कोणत्या सर्व्हरवर?

प्रश्न थोडक्यात असा: देवगड तालुक्यातलं गाव, विंडोजचा लॅपटॉप, एका आंबा बागायतदाराची ऑर्डर घेणारी साइट आणि तारकर्लीच्या एका होमस्टेची साइट, दोन्ही पीएचपीत. फाइल लॅपटॉपवर बदलायची, मग फाइलझिला उघडून एफटीपीने हाताने चढवायची. कधी एखादी फाइल चढवायची राहून जाते. कधी मध्येच नेट जातं, अर्धी फाइल सर्व्हरवर बसते आणि साइट पांढरी पडते. शिवाय पुण्याचा मामेभाऊ अधूनमधून थेट सर्व्हरवर फाइल उघडून पेटीचे दर बदलतो. तर सेव्ह केलं की आपोआप सर्व्हरवर जाईल असं काही आहे का?

आहे. बरेच मार्ग आहेत आणि त्यातला साधा मार्ग एका दुपारी बसवून होतो. पण तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. फाइल बदलली हे ओळखायचं कोणी? बदललेली फाइल धड पलीकडे पोचवायची कशी? आणि दोन्हीकडे वेगवेगळी फाइल निघाली तर खरी कुठली? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सॉफ्टवेअर देतं. तिसऱ्याचं तुम्हालाच द्यावं लागतं, आणि ते न देता बाकीचं बसवलं तर आज हाताने होणारी गडबड उद्या आपोआप होईल, जास्त वेगाने. मामेभावाचं वाक्य तुम्ही जाता जाता शेवटी लिहिलंय. मी तिथूनच सुरू करतो.

मी रत्नागिरीत बसून अशाच लहान साइटी सांभाळतो. होमस्टे, काजू प्रक्रियावाले, आंबेवाले, एखादी पतसंस्था. नवीन साइट हातात आली की कुठलंही साधन बसवण्याआधी प्रत्येक फोल्डरचा मालक ठरवतो. पीएचपी, सीएसएस, जावास्क्रिप्ट, टेम्प्लेट यांचा मालक लॅपटॉप. म्हणजे सर्व्हरवर काहीही असलं तरी लॅपटॉपवर आहे तेच खरं. ग्राहकांनी चढवलेले फोटो, पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट, तयार झालेल्या पावत्या, लॉग, कॅशे यांचा मालक सर्व्हर. लॅपटॉपवर त्यांची प्रत नसते आणि असली तरी ती शिळी असते. डेटाबेसही सर्व्हरचाच. तिसरा प्रकार कॉन्फिगरेशनचा: डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंटच्या चाव्या. त्या दोन्हीकडे वेगळ्या असतात आणि त्यांनी एकमेकांकडे जायचंच नाही. ही यादी कागदावर करा. पुढचं सगळं सेटिंग या यादीतून निघतं.

यादी झाली की दिसेल, तुम्हाला दोन्ही बाजूंनी चालणारं सिंक, म्हणजे फाइली आपोआप जुळवणं, नकोय. प्रत्येक फोल्डरला एकच मालक असेल तर फाइल एकाच दिशेने जाते आणि भांडणच उरत नाही. दोन्ही दिशांनी चालणारी साधनं चांगली आहेत. युनिसन जुनं आणि विचारपूर्वक केलेलं आहे, दोन्हीकडे बदल झालेला दिसला की थांबून विचारतं. सिंकथिंग न विचारता एक प्रत ठेवतं आणि दुसरीच्या नावात सिंक-कॉन्फ्लिक्ट असं लिहून बाजूला टाकतं. घरच्या फोटोंना ते ठीक. वेबसाइटच्या फोल्डरात मात्र अशी जास्तीची पीएचपी फाइल पडून राहणं मला परवडत नाही, कारण पत्ता कळला तर ती कोणीही ब्राउझरमधून चालवू शकतो.

आता नेण्याबद्दल. इथे एक मोठं 'अवलंबून आहे' येतं: तुमच्या होस्टिंगला एसएसएच, म्हणजे सर्व्हरशी सुरक्षित जोडून तिथे कमांड चालवायची सोय, आहे का? स्वतःचा व्हीपीएस, म्हणजे भाड्याने घेतलेला आभासी सर्व्हर, असेल तर असतंच. शेअर्ड होस्टिंगवर बरेचदा असतं, पण मागणी करून सुरू करून घ्यावं लागतं आणि पोर्ट नेहमीचा २२ नसून वेगळा असतो. आधी ते विचारा. नसेल तर काय करायचं ते पुढे सांगतो, सध्या आहे असं धरतो.

एसएसएच असेल तर नेण्याचं काम आरसिंककडे द्या, म्हणजे दोन यंत्रांतल्या फाइली जुळवणाऱ्या प्रोग्रॅमकडे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ते १९९६ मध्ये बाहेर आणलं, आणि आजही या कामाला त्याच्याहून भरवशाचं काही मला मिळालेलं नाही. त्याची प्रसिद्धी आहे ती फाइलमधला फक्त बदललेला तुकडा पाठवण्यासाठी. खरं सांगायचं तर तुमच्या कामात त्या गुणाचा फारसा उपयोग नाही. तुमच्या पीएचपी फाइली काही किलोबाइटच्या. अख्ख्या गेल्या काय आणि तुकडा गेला काय. तो गुण कामाला येतो डेटाबेसच्या मोठ्या डंपला किंवा वाढत जाणाऱ्या लॉगला. तुमच्यासाठी आरसिंकचे दुसरे दोन गुण महत्त्वाचे आहेत.

एक, ते आकार आणि बदलाची वेळ एवढंच पाहून न बदललेल्या फाइली सोडून देतं. हजारो फाइलींचं फोल्डर असलं तरी ही तपासणी चटकन होते. म्हणजे 'कुठली फाइल चढवायची राहिली' हा प्रश्न मिटला. तुम्ही फाइल निवडायचीच नाही, दर वेळी अख्खं फोल्डर दाखवायचं.

दोन, आणि आपल्या भागात हा गुण सोन्यासारखा: आरसिंक नवीन फाइल आधी पलीकडे तात्पुरत्या लपलेल्या नावाने लिहितं, ती पूर्ण झाली की मगच तिला खरं नाव देतं. एफटीपीने चढवताना बहुतेक वेळा थेट जुन्या फाइलवरच लिहिणं सुरू होतं. मध्ये नेट तुटलं की तिथे अर्धी पीएचपी राहते आणि तुम्ही म्हणता तशी साइट पांढरी पडते. आरसिंक चालू असताना महामार्गाच्या खोदकामात जेसीबीने फायबर तोडली तरी सर्व्हरवर जुनी फाइल शाबूत असते. पांढऱ्या पानाचं तुमचं दुखणं एवढ्या एका बदलाने बरं होईल, सिंक आपोआप करा अगर नका करू.

एक सावधगिरी मात्र पाळा. इंटरनेटवरच्या बहुतेक उदाहरणांत मोठा पी हा पर्याय लावलेला असतो, कारण त्याने टक्केवारी दिसते. त्या एका अक्षरात 'प्रोग्रेस'बरोबर 'पार्शल'ही येतं. पार्शल म्हणजे तुटलेली फाइल टाकू नको, ठेव. आणि ती ठेवली जाते खऱ्या नावाने. सिनेमा उतरवताना ते सोयीचं. चालू साइटच्या कोडसाठी तेच घातक, कारण अर्धी फाइल पुन्हा हजर. अर्धवट तुकडे जपायचेच असतील तर 'पार्शल-डर' हा वेगळा पर्याय आहे, तो ते निराळ्या फोल्डरात ठेवतो.

बाकीच्या पर्यायांपैकी 'आर्काइव्ह' नेहमी लावा. त्यामुळे फाइलीची वेळ जशीच्या तशी जाते. नाहीतर वेळा जुळत नाहीत आणि पुढच्या वेळी सगळंच बदललेलं वाटतं. विंडोजवरून पाठवताना परवानग्या विचित्र होतात, सगळ्या फाइली सगळ्यांना लिहायला मोकळ्या. काही होस्टिंगवर अशी पीएचपी फाइल चालवायलाच नकार मिळतो आणि पाचशे नंबरची एरर येते. त्यासाठी 'सीएचमॉड' पर्यायाने फोल्डरांना ७५५ आणि फाइलींना ६४४ (लिहायचं फक्त मालकाने, बाकीच्यांनी नुसतं वाचायचं) असं ठरवून द्या. 'डिले-अपडेट्स' हाही लावतो मी. त्याने सगळ्या बदललेल्या फाइली आधी पलीकडे जमा होतात आणि शेवटी एका झटक्यात नावं बदलतात. हेडरची फाइल गेली पण ती ज्या फंक्शनवर विसंबून आहे ती फाइल अजून वाटेत, असा मधला काळ त्यामुळे अगदी थोडा राहतो.

फोल्डराच्या नावापुढची तिरकी रेघ विसरू नका. लॅपटॉपवरच्या फोल्डराच्या नावाला शेवटी ती असेल तर 'फोल्डरातलं सगळं' जातं, नसेल तर 'फोल्डरासकट' जातं. दुसऱ्या प्रकारात साइटच्या आत साइट तयार होते आणि आपण म्हणत बसतो की बदल दिसत का नाही.

आता डिलीट. लॅपटॉपवर पुसलेली फाइल सर्व्हरवरूनही जावी म्हणून हा पर्याय असतो. तो हवा, नाहीतर जुन्या, विसरलेल्या पीएचपी फाइली सर्व्हरवर साठत जातात आणि घुसखोरी बरेचदा अशाच दारातून होते. पण वरची मालकीची यादी न करता हा पर्याय लावला की आरसिंक प्रामाणिकपणे सांगितलेलं काम करतं: लॅपटॉपवर नाही ते सर्व्हरवरून काढून टाकतं. ग्राहकांचे अपलोड लॅपटॉपवर कधीच नव्हते. दुरुस्तीला माझ्याकडे आलेल्या साइटींत हा अपघात वारंवार दिसतो, आणि तो हंगामातच होतो, कारण बदल करायची घाई तेव्हाच असते. बचाव सोपा आहे. सर्व्हरच्या मालकीचं प्रत्येक फोल्डर आणि कॉन्फिगरेशनची फाइल 'एक्सक्लूड'मध्ये घाला. वगळलेल्या गोष्टींना डिलीटही हात लावत नाही, जोवर तुम्ही 'डिलीट-एक्सक्लूडेड' असं वेगळं सांगत नाही. आणि ते सांगायचं नाही. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वापरत असाल तर त्याचं लपलेलं फोल्डरही याच यादीत हवं. ते साइटच्या फोल्डरात उघडं पडलं तर अख्ख्या कोडचा इतिहास बाहेरच्याला उतरवून घेता येतो.

शिवाय 'मॅक्स-डिलीट' लावून एक मर्यादा घाला, समजा वीस. प्रोजेक्ट बाहेरच्या डिस्कवर असेल, ती डिस्क लागलेली नसेल आणि त्या जागी नुसतं रिकामं फोल्डर असेल, तर आरसिंकला वाटतं तुम्ही सगळं पुसलंत. मर्यादा असली तर ते वीस फाइली पुसून थांबेल आणि तक्रार करेल. वीस फाइली परत आणता येतात.

इथवर ओळखण्याचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो सगळ्यात सोपा आहे आणि लोक त्यातच सगळ्यात जास्त वेळ घालवतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये २००५ पासून आयनोटिफाय आहे, मॅकवर एफएस-इव्हेंट्स आहे, विंडोजची स्वतःची तशीच सोय आहे. फोल्डरात काही हललं की ऑपरेटिंग सिस्टिमच कळवते. नवखा माणूस अशी रचना करतो: अमुक फाइल बदलली अशी बातमी आली की तेवढीच फाइल पाठवायची. ते नाजूक असतं. बरेच एडिटर सेव्ह करताना जुन्या फाइलवर लिहीत नाहीत. तात्पुरती फाइल करून तिचं नाव बदलतात. म्हणून एका सेव्हच्या तीन-चार बातम्या येतात आणि त्यातल्या काही अशा फाइलीच्या, जी पुढच्या क्षणी नसतेच. गिटमध्ये ब्रँच बदलली की शेकडो बातम्या एकदम. आयनोटिफाय पोटफोल्डरं आपणहून पाहत नाही, प्रत्येकावर वेगळा पहारा लावावा लागतो, त्याला मर्यादा असते, आणि नुकत्याच तयार झालेल्या फोल्डरातली पहिली फाइल निसटू शकते.

म्हणून बातमीकडे दाराच्या घंटेसारखं पाहा. घंटेवरून कोणीतरी आलंय एवढंच कळतं, कोण आलंय ते दार उघडून पाहायचं. बातमी आली की एखाद-दोन सेकंद शांत होऊ द्या आणि मग अख्ख्या फोल्डरावर आरसिंक चालवा. काय बदललंय ते त्याचं ते शोधेल. याचा फायदा असा की एखादी बातमी हुकली किंवा नेट नसल्यामुळे एक फेरी वाया गेली, तरी पुढच्या फेरीत मागचं सगळं जातं. कुठे काय राहिलं याची नोंद ठेवावी लागत नाही. काहीच बातमी नसली तरी दर पाच-दहा मिनिटांनी एक फेरी मारायला सांगा; दुपारी गेलेलं नेट संध्याकाळी आलं की तुम्ही चहा पीत असताना सगळं पोचलेलं असेल. आधीची फेरी संपल्याशिवाय दुसरी सुरू होऊ नये एवढी खबरदारी घ्या, त्याला लिनक्सवर एफलॉक आहे.

साधनं म्हणाल तर लिनक्सवर आयनोटिफायवेट आणि दहा ओळींची स्क्रिप्ट पुरते. एलसिंकडी हे सगळं तयार देतं, पण त्याची मुळातली वाट पाहण्याची वेळ पंधरा सेकंदांची आहे. कमी करून घ्या, नाहीतर 'बदल का दिसत नाही' म्हणून पुन्हा पुन्हा सेव्ह करत बसाल. वॉचएक्झेक, फाइल बदलली की ठरलेली कमांड चालवणारं, हे विंडोजवरही चालतं.

तुम्ही विंडोजवर आहात, तेव्हा दोन वाटा. पहिली, लिनक्सची उपप्रणाली म्हणजे डब्ल्यूएसएल घाला आणि आरसिंक तिच्यात चालवा. पण प्रोजेक्टचं फोल्डर तिच्या आत, लिनक्सच्या होममध्ये ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवून आतून पहारा लावलात तर डब्ल्यूएसएल-२ मध्ये विंडोजच्या बाजूने केलेल्या बदलाची बातमी आत पोचत नाही. स्क्रिप्ट चालू दिसते, एरर काही नाही, आणि फाइल जात नाही. या एका कारणापायी माणसं दिवस घालवतात.

दुसरी वाट सोपी: विनएससीपी हा विंडोजचा प्रोग्रॅम. त्यात 'कीप रिमोट डिरेक्टरी अप टू डेट' नावाची सोय आहे. एसएफटीपीने (एसएसएचवरून फाइली नेण्याची पद्धत) जोडा, डावीकडे लॅपटॉपचं फोल्डर, उजवीकडे सर्व्हरचं, आणि सुरू करा. खिडकी उघडी आहे तोवर सेव्ह केलेलं जात राहतं. यातही अर्ध्या फाइलीचा मुद्दा आहेच. विनएससीपी तात्पुरत्या नावाने चढवतं, पण मुळात १०० किलोबाइटपेक्षा मोठ्या फाइलीच. तुमच्या पीएचपी फाइली त्याहून लहान, म्हणजे थेट जुन्यावर लिहिल्या जाणार. ट्रान्सफरच्या सेटिंगमध्ये जाऊन ते 'सर्व फाइली' असं करून घ्या. व्हीएस कोड या एडिटरचं सेव्ह करताच चढवणारं एखादं एक्स्टेंशन किंवा पीएचपीस्टॉर्मची स्वतःची सोयही याच जातीची. मला ती हलक्या कामाला चालतात. अडचण एवढीच की त्यांची नजर बहुतेक वेळा एडिटरमधून सेव्ह केलेल्या फाइलीवर असते. बाहेरून फोटो बदलला किंवा गिटने दहा फाइली बदलल्या तर ती काय करतील ते सेटिंगवर अवलंबून.

कोणी सांगेल, हा सगळा खटाटोप कशाला, व्हीएस कोडने एसएसएचवरून थेट सर्व्हरवरच फाइल उघडा. मुंबईत फायबरवर बसून मीही तेच सांगितलं असतं. आपल्याकडे नाही. एसएसएचएफएसने सर्व्हरचं फोल्डर लॅपटॉपला जोडलं तर नेट डगमगलं की एडिटर गोठतो. पावसाळ्यात लाइट जाते, थोड्या वेळाने टॉवरची बॅटरीही बसते, पण लॅपटॉप दोन-तीन तास चालतो. फाइली लॅपटॉपवर असतील तर त्या वेळात काम होतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कित्येक दिवस वीज आणि नेट दोन्ही नव्हतं. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या आपल्या दोन्ही जिल्ह्यांनी तेच पाहिलं. कोडची खरी प्रत हाताशी, सर्व्हरवर तिची नक्कल, ही मांडणी आपल्या किनाऱ्याला मानवते.

एसएसएचबद्दल थोडं. आपोआप चालायचं म्हणजे पासवर्ड विचारून चालणार नाही, चावी लागणार. ईडी-२५५१९ प्रकारची चावी करा, तिला सांकेतिक वाक्य लावा आणि एजंटमध्ये (चावी लक्षात ठेवणारा प्रोग्रॅम) एकदा भरून ठेवा. फक्त सिंकसाठी वेगळी चावी केलीत तर सर्व्हरवर तिला आर-आरसिंक नावाच्या छोट्या स्क्रिप्टने एकाच फोल्डरापुरतं बांधता येतं. ती आरसिंकबरोबरच मिळते. लॅपटॉप हरवला तर अख्खा सर्व्हर उघडा पडत नाही.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दर फेरीला नवीन जोडणी करायची तर नुसत्या नमस्कार-चमत्कारात काही सेकंद जातात. 'कंट्रोलमास्टर' आणि 'कंट्रोलपर्सिस्ट' लावलं की एकदा केलेली जोडणी ठरावीक वेळ उघडी राहते आणि पुढच्या फेऱ्या तिच्यातूनच जातात. फरक डोळ्याला दिसतो. हे डब्ल्यूएसएलमध्ये चालतं, विंडोजच्या स्वतःच्या एसएसएचमध्ये नाही. पण नेट गुपचूप मेलं तर ती उघडी जोडणी मेलेल्या अवस्थेत लटकून राहते आणि सिंक अडकतं. म्हणून 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल' पंधरा सेकंद ठेवा. तीनदा उत्तर आलं नाही की, म्हणजे पाऊण मिनिटात, जोडणी तुटली असं समजून मोकळी होते.

आता शीर्षकातला प्रश्न, ज्यावर माझं मत ठाम आहे. सेव्ह करताच फाइल जावी, पण ती चाचणीच्या प्रतीवर. चालू साइटवर नाही. बोटांना कंट्रोल-एसची सवय असते. अर्धं वाक्य लिहून आपण सेव्ह करतो, फोन आला की सेव्ह करतो. एप्रिलमध्ये कोणी मुंबईहून दोन पेट्यांचे पैसे भरतोय आणि त्याच क्षणी तुमचं अर्धं लिहिलेलं फंक्शन सर्व्हरवर गेलं, तर पैसे गेले की नाही हे त्यालाही कळत नाही आणि बागायतदारालाही. त्याच होस्टिंगवर एक उपडोमेन काढा, त्याला पासवर्ड लावा म्हणजे गूगलही तिथे येणार नाही, चाचणीसाठी वेगळा डेटाबेस द्या. आपोआप सिंक तिथे. बघून समाधान झालं की चालू साइटवर नेण्यासाठी तोच आरसिंक, पण हाताने दिलेल्या वेगळ्या कमांडने, आधी 'ड्राय-रन' करून. 'व्हर्बोज' पर्यायाबरोबर चालवलेलं ड्राय-रन काहीही न बदलता फक्त काय होईल याची यादी देतं.

चालू साइटवर तुम्ही आणखी एक पायरी चढू शकता. प्रत्येक नवीन आवृत्ती वेगळ्या फोल्डरात न्यायची, आणि 'चालू' नावाची सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फोल्डराकडे बोट दाखवणारी खूण, शेवटी त्या फोल्डराकडे वळवायची. 'लिंक-डेस्ट' लावलं तर न बदललेल्या फाइली जुन्या फोल्डराशी जोडल्या जातात, जागा जवळजवळ लागत नाही. काही बिघडलं तर सिमलिंक मागे वळवली की कालची साइट परत. व्हीपीएस असेल तर हे कराच. शेअर्ड होस्टिंगवर मूळ फोल्डर बदलू देतात की नाही ते पाहावं लागेल. आणि सिमलिंक वळवूनही जुनंच पान दिसलं तर घाबरू नका: सिमलिंकमागचा फाइलींचा खरा पत्ता पीएचपी दोन मिनिटांपर्यंत लक्षात ठेवतं आणि त्याचं ऑपकॅशे तयार कोड धरून ठेवतं. पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी सेवा) रीलोड केलं की सुटतं. साध्या सिंकमध्येही ऑपकॅशे मुळात दोन सेकंदांनी एकदाच फाइलीची वेळ तपासतं, आणि काही होस्टिंगवाल्यांनी ती तपासणी बंदच ठेवलेली असते. सिंक बिघडलंय असं ठरवण्याआधी सर्व्हरवर फाइल उघडून तिच्यातली ओळ पाहा.

मामेभावाकडे परत येऊ. तो सर्व्हरवर फाइल बदलतो आणि तुमचं सिंक पुढच्या फेरीत ती पुसून तुमची फाइल बसवतं. दर पुन्हा जुने. 'अपडेट' नावाचा पर्याय लावून पलीकडची नवी फाइल वाचवता येते असं कोणी सुचवेल, लावू नका. त्याने मामेभावाचा बदल वाचतो, पण त्याच फाइलीतला तुमचा जुना बदल जात नाही, आणि दोन्ही यंत्रांची घड्याळं जुळत नसतील तर उलटंच होतं. मुळात पेटीचा दर ही कोडची गोष्टच नाही. रोज बदलणारी गोष्ट डेटाबेसमध्ये हवी आणि ती बदलायला एक साधं पान हवं, मोबाइलवरून चालणारं. मग मामेभावाला फाइल उघडायचं कारणच उरत नाही, आणि उद्या बागायतदार स्वतःच दर बदलेल. तो खरंच कोडमध्ये हात घालत असेल तर दोघांनी गिट वापरा. सर्व्हरवर तुम्ही दोघांपैकी कोणीही थेट लिहायचं नाही. गिटचं फोल्डर मात्र ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये ठेवून दोघांत वाटू नका. दोन्हीकडून एकाच वेळी लिहिलं गेलं की त्याच्या आतली मांडणी मोडते.

किरकोळ वाटणारे दोन अडथळे, दोन्ही फाइलीच्या नावांचे. विंडोजला मोठ्या-लहान एबीसीडीचा फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. लॅपटॉपवर दिसणारा फोटो सर्व्हरवर दिसला नाही तर आधी हे तपासा. आणि फोटोंना मराठी नावं देत असाल तर 'किनाऱ्यावर' सारख्या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक सलग अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता असा. जुन्या मॅकची फाइल सिस्टिम नाव साठवताना तो सुटा करते. कोणी तशा मॅकवरून फोटो चढवले तर सर्व्हरवर डोळ्याला एकसारख्या दिसणाऱ्या नावाच्या दोन फाइली तयार होतात. आरसिंकच्या 'आयकॉन्व्ह' पर्यायाने हे निस्तरता येतं, पण सर्व्हरवरच्या फाइलींना रोमन लहान अक्षरांत नावं देणं मला सोपं वाटतं.

एसएसएच मिळतच नसेल तर एलएफटीपी या प्रोग्रॅमचं उलटं मिरर (लॅपटॉपची नक्कल सर्व्हरवर) वापरा, निदान एफटीपीएस या सुरक्षित एफटीपीवरून. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो. पण त्यात फाइलींच्या वेळा सर्व्हर नीट ठेवेल याचा भरवसा नाही आणि डिलीट तर मी तिथे लावणारच नाही. या कारणासाठी होस्टिंग बदलायला मी मागेपुढे पाहत नाही. ऑर्डरचे पैसे घेणाऱ्या साइटला एसएसएच असलेलं होस्टिंग हवंच.

तुम्ही क्रम असा ठेवा: मालकीची यादी, मग चाचणीचं उपडोमेन, मग त्यावर हाताने चालवलेलं आरसिंक, आणि ते दोन-तीन दिवस धड चाललं की मगच पहारा. चालू साइटवरचं पहिलं ड्राय-रन डिलीटसकट करा आणि त्यातल्या 'डिलिटिंग'ने सुरू होणाऱ्या ओळी एकेक वाचा. त्यात अपलोडच्या फोल्डरातलं एकही नाव दिसलं तर पुढे जाऊ नका. एक्सक्लूडची यादी आणि त्या ओळी इथे टाका, पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता खोडून. कुठे चुकतंय ते बघून सांगतो.